कोपऱ्यातले चार बोल्ट

आप्पा गेले त्या दिवशी सकाळी शाळेला निघताना मी त्यांच्या खोलीत डोकावले, तर त्यांनी मला अंगठा दाखवला. बाहेरच्या कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय सासरा आहे! आमच्या घरात मात्र त्याचा अर्थ ‘सगळं ठीक आहे, चालू दे’ एवढाच होता. मीही अंगठा दाखवला, स्कूटीची किल्ली उचलली आणि निघाले. तिसऱ्या तासाला सातवीच्या वर्गाकडून नद्यांचा नकाशा भरून घेत होते. शिपाईमामा दारात येऊन म्हणाले, घरून फोन आलाय, लगेच निघा; तेव्हाच काय ते कळलं. माझा नवरा, संजय, त्या दिवशी दुसऱ्या पाळीला जाणार होता म्हणून घरीच होता; जेवायला हाक मारायला गेला तेव्हा त्याला समजलं. मी बारामतीलगत जळोचीला घरी पोचले तर आप्पा आपल्या खुर्चीतच होते. मान जराशी डावीकडे, मांडीवर पेपर, चष्मा नाकावर. झोपेतच गेले, त्रास झाला नसावा, असं डॉक्टर म्हणाले. ते रोज ऐकायचे ते भजन केव्हाच संपलं होतं, पण ॲम्प्लिफायरचा दिवा जळत होता... मी तो बंद केला. लोक जमत होते, संजय फोनवर होता, आणि मला तेवढं एकच काम सुचलं. या गोष्टीला आता सहा आठवडे होत आले.

आप्पा म्हणजे माझे सासरे. गाव नरसिंहपूरच्या अलीकडं, नदीकाठचं. सारी नोकरी इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात, ऊस गाळणाऱ्या मिलवर फिटर म्हणून. हंगाम सुरू झाला की मिल रात्रंदिवस चालायची आणि तिच्याशेजारी माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येणं शक्यच नसायचं. तिथं सगळा कारभार हातांनी चाले. अंगठा वर म्हणजे ठीक, पंजा खाली दाबला म्हणजे कमी कर, मूठ आवळली म्हणजे थांब. आणि मशीनची तब्येत बघायची ती हातभर लांबीच्या स्क्रू ड्रायव्हरनं. त्याचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. कुठलं बेअरिंग चार दिवसांनी दगा देणार, हे आप्पा असं ऐकून सांगत आणि सहसा चुकत नसत, असं त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात तीन जणांनी तरी सांगितलं. त्या दिवशी मिळालेलं घड्याळ कपाटात गेलं आणि स्क्रू ड्रायव्हर मात्र उशाशी राहिला.

मी इंदापूरची. लग्न होऊन या घरात आले त्याच वर्षी आप्पा निवृत्त होऊन इथं राहायला आले. सासूबाई आधीच गेलेल्या. म्हणजे घराला आम्ही दोघंही नवीनच होतो. माझा आवाज जन्मजात बारीक. कॉलेजात मैत्रिणी मला ‘शिट्टी’ म्हणत, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचावं म्हणून वर्गात मी तो आणखी वर चढवत असे. या आवाजात आप्पांना काही विचारलं की ते कधी ‘बरं’ म्हणत, कधी नुसती मान हलवत, आणि पुष्कळदा काहीच म्हणत नसत. संजयशी मात्र चार वाक्यं सरळ बोलत. मी मनात म्हटलं, ठीक आहे. सून नोकरी करते, स्वयंपाक घाईत उरकते, नसेल पसंत. मीही कमी मानी नव्हते. कामापुरतं बोलायचं ठरवलं आणि ते अगदी निगुतीनं पाळलं.

लग्नाला दोन वर्षं झाली आणि माझे वडील गेले. आई इंदापुरात एकटी राहिली. त्याच वर्षी तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. नंतर महिनाभर डोळ्यात थेंब घालायला जवळ माणूस हवं होतं. लेकीच्या घरी आई राहायला येणार म्हटलं की आमच्याकडं अजूनही सासरच्या वडीलधाऱ्यांचा शब्द लागतो. त्याशिवाय आईनं पाऊलही टाकलं नसतं. तीन दिवस धीर गोळा करून मी एका संध्याकाळी आप्पांच्या खोलीच्या दारात उभी राहिले. ते खिडकीकडं तोंड करून बसले होते. मी विचारलं, “आप्पा, आईला महिनाभर इथं आणू का?” आप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. मी थांबले... बऱ्याच वेळानं त्यांनी शेजारचा पेपर उचलला आणि उघडला. मी परत फिरले. संजयला यातलं अक्षर सांगितलं नाही. एकदा विचारलं, एकदा उत्तर मिळालं, आता घरात तमाशा कशाला. आईच्या डोळ्यात थेंब शेजारच्या काकूंनी घातले. “जाऊ दे गं, त्यांचं बी घर हाय,” आई म्हणाली, आणि तिच्या त्या समजूतदारपणानं मला जास्त लागलं. पुढची चार वर्षं मी आप्पांच्या ताटात दोन्ही वेळा गरम भाकरी वाढली, पण मनातून त्यांना क्षमा केली नाही.

तीनेक वर्षांपूर्वी आप्पांनी गाण्याबद्दल तक्रार सुरू केली. त्यांच्याकडं एक जुना ॲम्प्लिफायर होता, दोन लाकडी स्पीकर होते, आणि एका पेन ड्राइव्हवर त्यांच्या गावच्या भजनी मंडळाचं देवळात रेकॉर्ड केलेलं भजन. तेवढंच ते ऐकत. कारखाना सुटल्यापासून घरात फार शांत शांत वाटतं, असं ते म्हणायचेच, आता म्हणायला लागले, “गाण्यात जीव न्हाय राहिला. चिपाडावानी लागतंय.” रस काढून घेतलेल्या उसाचं चिपाड त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. त्यांनी दोष ॲम्प्लिफायरला दिला आणि तो दोनदा बारामतीत हारूनभाईंच्या दुकानात नेला. हारूनभाई रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे जुने कारागीर. दोन्ही वेळा त्यांनी तो उघडला, तपासला आणि तसाच परत दिला. यंत्रात काहीच बिघाड नव्हता. तिसऱ्या खेपेला त्यांनी आप्पांना सबवूफर ऐकवला. गाण्यातला सगळ्यात खालचा, पखवाजाच्या डाव्या अंगाचा आवाज काढणारा तो काळा ठोकळा. आत स्वतःचा ॲम्प्लिफायर, पाठीमागं दोन-तीन बटणं. आप्पांनी त्याच्यावर तळहात ठेवला आणि भजन संपेपर्यंत काढलाच नाही. संध्याकाळी रिक्षातून खोकं घरी आलं.

पुढं जे झालं ते साखर कारखान्याचा फिटरच करू जाणे. जोडणी त्यांनी नेटकी केली. जुन्या ॲम्प्लिफायरला सबवूफरसाठी वेगळी वाट नव्हती, म्हणून स्पीकरच्या वायरी आधी त्या ठोकळ्यात आणि तिथून पुढं दोन स्पीकरांना नेल्या. प्रत्येक टोकाला पत्र्याची बारीक पट्टी आणि तिच्यावर नंबर ठोकलेला. इथवर ठीक होतं. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर आप्पा छिन्नी-हातोडा घेऊन कोपऱ्यातली फरशी फोडत होते. मशीन नुसतं ‘ठेवायचं’ असतं हे त्यांना मान्यच नव्हतं. पाया धरल्याशिवाय मशीन चालवणं म्हणजे अपघाताला आवतण. त्यांनी चार बोल्ट सिमेंटमध्ये गाडले, तीन दिवस त्यावर पाणी मारलं, ठोकळ्याचे रबरी पाय काढून टाकले आणि लोखंडी पट्ट्या टाकून तो बोल्टांना आवळला. मग भजन लावलं. पखवाजाची पहिली थाप पडली आणि भिंतीपलीकडं माझ्या मांडणीवरची पातेली, झाकण्या, डबे सगळे बोलायला लागले. शेजारून विचारणा झाली, बोअर मारताय का? आप्पा मात्र प्रसन्न होते. “आता कसं,” म्हणाले. भजन म्हणणाऱ्याचा एक शब्द त्या घुमण्यात कळत नव्हता आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. मला ते चमत्कारिक वाटलं, पण आमचं बोलणं कामापुरतं. मी विचारलं नाही.

चार दिवस पातेल्यांचं भजन ऐकल्यावर संजय हारूनभाईंना घेऊन आला. कोपऱ्यातले बोल्ट बघून हारूनभाई मटकन खाली बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “आप्पा, ह्याला पाया न्हाय लागत, जागा लागती,” म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं की असा खर्जातला आवाज खोलीत कुठं साचतो तर कुठं विरून जातो, आणि कोपऱ्यात तर हमखास साचतो. योग्य जागा शोधायची रीत उलटी आहे. खोकं ऐकणाऱ्याच्या खुर्चीत ठेवायचं, गाणं लावायचं, आणि आपण कान जमिनीलगत नेऊन भिंतीकडेनं रांगत फिरायचं. जिथं पखवाज घुमत नाही आणि दबतही नाही ती जागा धरायची. खोकं तिथं ठेवलं की खुर्चीत तसंच ऐकू येतं. एवढं सांगून ते दुकान उघडायला गेले. पट्ट्या सोडवल्या, बोल्ट करवतीनं कापले, तरी फरशीच्या वर पेरभर खुंट राहिले ते राहिलेच.

आता रांगणार कोण? आप्पांचे गुडघे केव्हाच संपावर गेलेले. रविवार होता, संजय अंगणात मोटारसायकल धूत होता आणि त्याच्या मते हा सगळा वेडेपणा होता. उरले मी. सासऱ्यासमोर ओढणी कमरेला खोचून रांगणारी सून मी तरी दुसरी पाहिलेली नाही. खुर्चीत सबवूफर पाहुण्यासारखा बसलेला, आप्पा पलंगावर, आणि मी भिंतीकडेनं... दाराजवळ गेले, म्हटलं, “इथं घुमतंय.” आप्पा गप्प. पुढं सरकले. “इथं कमी झालं.” आप्पा गप्पच. मी चिडून फरशीवरूनच वर बघितलं, तर ते माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होते. मग त्यांनी हात वर केला आणि मिलवरच्या खुणा एकेक करून मला दाखवल्या. अंगठा, पंजा, मूठ. आणि माझ्याकडं बोट केलं, आता तू कर. मी पुढं रांगले आणि पंजा खाली दाबला. त्यांनी लगेच मान डोलावली. आणखी पुढं जाऊन मूठ आवळली, त्यांनी विचारलं, “लई घुमतंय?” पाच मिनिटांत आमचं असं काही जमलं की मला हसू यायला लागलं. सहा वर्षांत आमच्यात इतकं बोलणं झालं नव्हतं.

खिडकीखाली, कपाटापासून दोन हातांवर, थाप स्वच्छ आली. तेवढ्यात भजन संपलं. आप्पा ते पुन्हा लावायला ॲम्प्लिफायरकडं वळले आणि त्यांची पाठ माझ्याकडं झाली. खोली एकदम शांत. मला ‘झालं आप्पा, सापडली’ एवढंच म्हणायचं होतं. ते म्हटलं. त्यांनी वळून बघितलं नाही. जरा मोठ्यानं पुन्हा म्हटलं. मग मी त्यांच्या पाठीलाच विचारलं, “आप्पा, माझं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही का?” आप्पा शांतपणे बटणं चाचपत उभे होते. इतक्यात अंगणातून संजयनं आपल्या भसाड्या आवाजात विचारलं, जागा सापडली का, आणि आप्पांनी तत्क्षणी मान वळवून सांगितलं, “व्हय, घावल आता.”

मग मी उठले, त्यांना पलंगावर बसवून अगदी समोर बसले आणि तोच प्रश्न सावकाश विचारला. त्यांनी माझ्या ओठांकडं बघितलं, मग खाली बघितलं. उशाचा स्क्रू ड्रायव्हर उचलून ते या हातातून त्या हातात करायला लागले.

“तुझा आवाज लई वर हाय पोरी,” ते म्हणाले. “तितवर माझा कान पोचत न्हाय. मिलनं वरचं समदं खाल्लं, खालचं तेवढं ठेवलं.”

मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, “म्हातारं बहिरं झालं म्हटलं की मानसं त्याच्या म्होरंच त्याच्याइषयी बोलाय लागत्यात. म्हनून आपली मान हलवायचो.”

संजयला कधी संशय आला नव्हता, कारण त्याचा आवाज त्यांना नीट ऐकू जायचा. आणि मिलवर तर सगळेच बहिऱ्यासारखे वागायचे, तिथं कुणाला काय कळणार. मग मी चार वर्षं गिळून ठेवलेलं काढलं. आईचं ऑपरेशन, दार, खिडकी, पेपर. एकेक शब्द सुटा करून सांगितला. आप्पांचा चेहरा उतरत गेला. “कवा इचारलंस? मी काय म्हनलो?” मी म्हटलं, काहीच नाही. आणि मला रडू फुटलं. ते आईसाठी होतं, थोडं त्यांच्यासाठी, आणि बरंचसं माझ्या स्वतःच्या मूर्खपणासाठी. चार वर्षं ज्या माणसावर मी रुसले होते, त्याला मी रुसले आहे हेही कळलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर आप्पा घरात नव्हते. कुठं जातो ते कुणालाच सांगून गेले नव्हते. दिवेलागणीला रिक्षा थांबली आणि आप्पा उतरले, हातात आईची पिशवी, मागोमाग आई. एसटीनं इंदापूरला जाऊन तिला घेऊन आले होते. आत न बसता, पाणीही न घेता दारात उभ्या उभ्याच ते काय म्हणाले ते आईनं मला नंतर कितीतरी वेळा सांगितलं. “इहीणबाई, चार वर्सं उशीर झाला. चला.” आईचा आवाज माझ्या अगदी उलट, भरदार, तो आप्पांना शब्दनशब्द ऐकू यायचा. पहिल्याच संध्याकाळी दोघं उसाच्या पाण्याच्या पाळीपत्रकापासून गुडघ्याच्या तेलापर्यंत इतकं बोलली की मला चक्क हेवा वाटला. त्यानंतर आई वर्षातून तीन-चार महिने आमच्याकडंच असायची.

सबवूफर खिडकीखाली आला, तरी तो दोन स्पीकरांत मिसळायला आणखी चार रविवार गेले. स्पीकरांनी कुठवर गायचं आणि तिथून खाली ठोकळ्यानं कधी हातात घ्यायचं, ते ठरवणारं एक बटण पाठीमागं होतं. आप्पांनी ते मला आपल्या भाषेत शिकवलं. “ह्या दोन पेट्या दिसपाळी, ह्यो ठोकळा रातपाळी. रातपाळीचा गडी आल्याबिगर दिसपाळीनं मशीन सोडायचं न्हाय, आन आल्यावर रेंगाळायचं बी न्हाय.” मी खुर्चीत बसून खुणा करायची, ते स्क्रू ड्रायव्हरचं टोक ठोकळ्यावर आणि मूठ कानामागं लावून बटण केसभर फिरवायचे. पाळी बदलताना एकच मशीन दोघं ओढतायत असं वाटलं की थाप जाड व्हायची. कुणीच नाही असं झालं की मध्येच खड्डा पडायचा. त्यांना वरचं ऐकू येत नव्हतं, मला खालचं ओळखता येत नव्हतं. दोघांचा मिळून एक धड कान झाला. शेवटी आवाज किती ठेवायचा यावर आलो. त्यांना खरं तर मोठा हवा होता, तेवढंच तर त्यांच्या वाट्याला उरलं होतं. पण मी पंजा खाली दाबत गेले आणि ते मुकाट कमी करत गेले. भजनाचे शब्द मोकळे झाले तेव्हा मी अंगठा वर केला. तुम्हाला एवढं पुरेल का, असं विचारलं, तर म्हणाले, “शब्द मला न्हाय घावत, पर घरात बाकीच्यास्नी तर कळू देत.”

कानाचं मशीन आणलं होतं. दोन दिवस लावून त्यांनी ते डबीत ठेवलं. त्यात म्हणे नुसती भांडी वाजतात. तेव्हा मग मीच बदलायचं ठरवलं. संध्याकाळी समोरासमोर बसून मी बोलायची, आणि आप्पा मला सबवूफरसारखं लावायचे. पंजा खाली. आणखी खाली. सावकाश. पोटातून बोल, नाकातून नको. सुरुवातीला मला माझंच बोलणं कुण्या हवालदाराचं वाटायचं. एका रविवारी मी “आप्पा, चहा टाकू?” असं विचारलं आणि त्यांनी अंगठा वर केला. “आता लागला बघ तुझा आवाज.” शाळेतही मुलं म्हणायला लागली, बाई, सर्दी झालीय का? पण शेवटचा बाक आता ऐकतो, आणि मला ओरडावं लागत नाही.

आप्पांच्या अस्थी नरसिंहपूरला भीमा-नीरेच्या संगमावर सोडून आलो. दहाव्यानंतर हारूनभाई भेटायला आले, त्या खोलीत थोडा वेळ बसले. त्यांना पहिल्या खेपेलाच कळलं होतं म्हणे, की बिघाड ॲम्प्लिफायरमध्ये नाही. पण एवढ्या मोठ्या कारागिराला ते तोंडावर कसं सांगायचं, म्हणून त्यांनी आप्पांना ऐकू येईल असं यंत्र दिलं. जाताना कोपऱ्याकडं बघून हसले, आणि मग रुमाल काढला. आई तेव्हापासून इथंच आहे. संजय म्हणाला, ते खुंट ग्राइंडरनं साफ करून टाकू, पायाला लागतात. मी नको म्हटलं.

परवा सकाळी आप्पांची खोली पुसत होते. कोपऱ्यात नेहमीप्रमाणं फडकं बोल्टाला अडकलं. ते सोडवून मी खुर्चीकडं सरकले आणि मान वर न करता म्हणाले, “आप्पा, जरा पाय वर घ्या.” सावकाश, पोटातून, त्यांना ऐकू जाईल असं...

स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, “कुणासंगं बोलतीस गं?”

“कुणाशी नाही,” मी म्हणाले. तेही त्याच आवाजात.